ना शिट्टी, ना शिक्षा... तरी ४८९ विजय!

कोच म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जावा. पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या. कॅच सुटला की बेडूकउड्या. "सर, पाणी पिऊन येऊ?" असं विचारलं, की "आधी खेळ, मग पाणी!"

आणि घरी तक्रार केली तर आई-बाबा काय म्हणतात? "कडक आहेत म्हणूनच तर मुलं घडतात!"

खरंच तसं असतं का? कडक शिस्त आणि नुसता जाच या दोन गोष्टी एकच आहेत का? या प्रश्नाचं उत्तर एका माणसाने तब्बल साठ-सत्तर वर्षं मैदानावर शोधलं. त्यांचं नाव जॉन गलार्डी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त सामने जिंकलेले मुख्य कोच. आणि गंमत म्हणजे त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. ते फेऱ्या मारायला लावत नसत. पाणी कुणी कधीही प्यावं. आणि त्यांना 'कोच' म्हणून हाक मारलेली त्यांना चालत नसे!

(एक गंमत सांगायची राहिलीच. या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'जी' आहेत, पण दुसरा फक्त लिहायचा, उच्चारायचा नाही!)

आधी हा फुटबॉल कोणता ते पाहू

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का! आपल्या फुटबॉलला तिथे 'सॉकर' म्हणतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा खेळ. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी चार संधी. तेवढं जमलं की पुन्हा चार संधी. असं करत करत शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाऊन', म्हणजे सहा गुण.

आणि समोरचा संघ काय करतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवतो, कवेत घेतो आणि धाडकन जमिनीवर पाडतो. याला म्हणतात 'टॅकल'. आपल्या कबड्डीतली पकड आठवा. फरक एवढाच, की इथे नव्वद-शंभर किलोची माणसं पूर्ण वेगाने पळत येऊन एकमेकांवर आदळतात! म्हणून तर डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर जाड कवच घालून खेळावं लागतं.

असा हा दांडगा खेळ. तो शिकवणारे कोचही दांडगेच असायचे. त्यात हे गलार्डी वेगळे कसे निघाले? त्यासाठी १९४३ साली जायला हवं.

सोळा वर्षांचा कोच

कोलोरॅडो राज्यात ट्रिनिडॅड नावाचं एक गाव आहे. कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे १ नोव्हेंबर १९२६ रोजी, इटलीहून आलेल्या एका कुटुंबात जॉनचा जन्म झाला. गावातल्या कॅथलिक शाळेच्या फुटबॉल संघाचा तो कप्तान होता.

१९४३ साली दुसरं महायुद्ध भरात होतं. शाळेच्या कोचना सैन्यात बोलावणं आलं आणि ते निघून गेले. आता संघाला शिकवणार कोण? शाळेत दुसरं कुणी नव्हतं. फुटबॉल बंदच करून टाकावा असा विचार सुरू झाला. तेव्हा जॉन पुढे झाला आणि म्हणाला, "मी शिकवतो की!"

वय किती, तर अवघं सोळा! म्हणजे तुमच्यातल्या कुणा दहावी-अकरावीतल्या ताई-दादाएवढं. मोठ्यांनी हो म्हटलं. स्वतः खेळायचं आणि आपल्याच मित्रांना शिकवायचं, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर आली.

आता हातात अधिकार आल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल? त्याला जे जे नकोसं वाटायचं, ते ते बंद करून टाकलं! फेऱ्या बंद. दमवून टाकणाऱ्या कवायती बंद. आणि पाणी? ज्याला तहान लागेल त्याने प्यावं.

तुम्ही म्हणाल, पाणी प्यायचं यात काय विशेष? पण त्या काळात अमेरिकेत अनेक कोच सरावाच्या वेळी पाणीच पिऊ देत नसत. पाणी प्यायलं की खेळाडू नाजूक होतात, अशी त्यांची पक्की समजूत! जॉनने साधा विचार केला. तहानलेला माणूस चांगला खेळेल की तहान भागलेला? बस्स, एवढंच. मुलं मजेत सराव करू लागली आणि संघ बंद पडायचा तो सामने जिंकू लागला.

शाळा संपली, तो कॉलेजात गेला, तरी शिकवणं सुटलं नाही. स्वतः कॉलेजात शिकता शिकता तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातल्या एका शाळेच्या संघाला शिकवत होता. १९४९ साली पदवी मिळाली आणि लगेच मोंटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजने त्याला मुख्य कोच म्हणून बोलावलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. काही खेळाडू जवळजवळ त्याच्याच वयाचे असतील! चार वर्षांत त्याच्या संघाने २४ सामने जिंकले, ६ हरले आणि एक बरोबरीत सुटला.

मग १९५३ साली ते मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्स विद्यापीठात आले. गर्द झाडी, तळी आणि ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ, अशा शांत जागी हे विद्यापीठ आहे. थंडीत तिथे तळी गोठतात. गलार्डी आले ते तिथेच राहिले. एक-दोन नाही, तब्बल साठ हंगाम!

'नाही'ची लांबलचक यादी

शाळेत भिंतीवर नियमांची पाटी असते ना? हे करू नका, ते करू नका. गलार्डींचीही एक 'नाही'ची यादी होती. पण त्यातले 'नाही' मुलांना नव्हते, कोचना होते! त्यातले काही वाचा :

- सरावात टॅकल नाही.
- शिट्टी नाही.
- फेऱ्या नाहीत.
- दीड तासापेक्षा जास्त सराव नाही.
- रविवारी सराव नाही.
- पाणी किंवा विश्रांती मागितली तर नकार नाही.
- वजनं उचलण्याची सक्ती नाही.
- नवीन मुलांची रॅगिंग नाही.
- संघात यायचं म्हणणाऱ्या कुणालाही काढून टाकायचं नाही.
- टचडाऊन झाल्यावर फार नाचायचं नाही. (कारण टचडाऊन होणार हे आपल्याला माहीतच होतं ना!)
- 'कोच' म्हणायचं नाही. फक्त 'जॉन' म्हणायचं.

शेवटचं वाचून तुम्ही हसला असाल. आपण आपल्या सरांना नुसत्या नावाने हाक मारली तर काय होईल, ते सांगायला नको! पण गलार्डींना वाटायचं, मान हाक मारण्यात नसतो. शिकवणाऱ्याच्या कामातून तो आपोआप मिळतो. तिथे शिकायला येणारी अठरा वर्षांची मुलं सुरुवातीला अडखळायची. मग सवय व्हायची. ऐंशी वर्षांच्या आजोबांना मुलं 'जॉन' म्हणत आणि तरी त्यांचा शब्द खाली पडत नसे.

त्यांचा एक 'व्यायाम' तर फारच गमतीचा. मुलांनी मैदानावर उताणं पडायचं, आकाशाकडे बघायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं, "काय छान दिवस आहे आज!" झाला व्यायाम!

मग जिंकायचे कसे?

आता खरा प्रश्न. टॅकलचा सराव केला नाही, तर सामन्यात टॅकल कसं जमणार? बाकीचे कोचही हेच विचारायचे.

गलार्डींचं म्हणणं सरळ होतं. कॉलेजात येणाऱ्या मुलांना टॅकल करता येतंच, ती शाळेत तेच करून आलेली असतात. मग आठवडाभर आपलीच मुलं आपल्याच मुलांवर आदळून काय होणार? कुणाचा गुडघा जाणार, कुणाचा खांदा. आणि शनिवारी सामन्याच्या वेळी चांगला खेळाडू बाकावर बसलेला असणार!

मग दीड तास ते करायचे काय? तर डोक्याचा व्यायाम. समोरचा संघ कसा उभा राहतो, त्यावरून तो आता काय करणार हे कसं ओळखायचं, चेंडू कुठे जाईल, मी कुठे असायला हवं, याची पुन्हा पुन्हा उजळणी. एखादी चाल चुकली की ती परत करायची. परत चुकली की परत. कुणाला ओरडा नाही, शिक्षा नाही, पण अचूक जमल्याशिवाय सुटकाही नाही. टॅकल करायला धावायचं, नेमक्या जागी पोचायचं आणि पाडायच्या आधी थांबायचं. नेमक्या जागी नेमक्या क्षणी पोचलं, की पुढचं पाडणं काही अवघड नसतं!

म्हणजे पाहा, शिस्त होतीच. उलट जास्तच होती. फक्त शिस्त म्हणजे दुखणं, तहान आणि अपमान, असा तिचा अर्थ नव्हता.

आणि निकाल? १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदं. ८ नोव्हेंबर २००३ रोजी सेंट जॉन्सने बेथेलच्या संघाला २९-२६ असं हरवलं, तो गलार्डींचा ४०९ वा विजय होता. त्याआधीचा ४०८ विजयांचा विक्रम होता एडी रॉबिन्सन यांचा. लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्ब्लिंग इथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजात, १९४१ पासून १९९७ पर्यंत त्यांनी संघ घडवले होते. त्याच वर्षी अंतिम सामन्यात सेंट जॉन्सची गाठ पडली माउंट युनियनशी. माउंट युनियनने सलग ५५ सामने जिंकले होते! गलार्डींच्या मुलांनी त्यांना २४-६ असं हरवलं. तेव्हा जॉन होते ७७ वर्षांचे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सेंट जॉन्स खेळतं ते छोट्या कॉलेजांच्या गटात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलं शिकायला येतात आणि खेळतात. त्यामुळे टीव्हीवर दिसणाऱ्या बलाढ्य विद्यापीठांशी त्यांची टक्कर होत नसे. पण समोरचे संघही त्याच गटातले होते, आणि ते रोजच्या सरावात टॅकल करत होते, हेही तितकंच खरं.

अस्वलाशी कुस्ती खेळलेला कोच

आता दुसरी बाजूही बघू. नाहीतर तुम्ही म्हणाल, एकाच बाजूची गोष्ट सांगितली.

त्याच काळात पॉल ब्रायंट नावाचे एक नामांकित कोच होते. लहानपणी जत्रेत त्यांनी म्हणे अस्वलाशी कुस्ती खेळली होती, म्हणून त्यांचं नावच पडलं 'बेअर', म्हणजे अस्वल! १९५४ साली ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कोच झाले आणि मुलांना घेऊन जंक्शन नावाच्या एका दूरच्या गावी गेले. कडक ऊन, दुष्काळाने करपलेली, दगडगोट्यांची जमीन. पहाटेपासून रात्रीपर्यंत मेहनत. सरावात पाणी नाही. दहा दिवस हे चाललं. रोज रात्री काही मुलं गुपचूप पळून जात. शेवटी तीस-पस्तीसच उरली.

त्या वर्षी त्यांचा संघ दहापैकी एकच सामना जिंकला. पण दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, तो एकही सामना हरला नाही. पुढे ब्रायंट अलाबामा विद्यापीठात गेले, सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली आणि १९८२ च्या हंगामानंतर ३२३ विजयांनिशी निवृत्त झाले.

म्हणजे कडक कोचही जिंकतात. मग बरोबर कोण?

या प्रश्नाचं उत्तर नुसत्या विजयांच्या आकड्यांत सापडत नाही. जे पळून गेले त्यांचं काय झालं, आणि जे राहिले त्यांच्या शरीराचं काय झालं, हेही बघावं लागतं.

डोक्याच्या आत काय होतं?

आपला मेंदू कवटीच्या आत एका द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात कुठे आदळलं की कवटी थांबते, पण मेंदू आतल्या आत हिंदकळतो. बस अचानक थांबली की आपण पुढे फेकले जातो, तसंच! हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण मेंदूचं हिंदकळणं त्याला थांबवता येत नाही.

२००२ साली माइक वेबस्टर हा अमेरिकेचा एक प्रसिद्ध व्यावसायिक फुटबॉलपटू वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची काही वर्षं त्याची फार वाईट गेली होती. मूळचे नायजेरियाचे असलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि २००५ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा आजार त्यांना त्यात आढळला होता. त्यानंतर सगळेच खडबडून जागे झाले.

गलार्डींनी सरावातलं टॅकल बंद केलं ते या शोधाच्या कितीतरी आधी. त्यांना मेंदूच्या आजाराचं ज्ञान नव्हतं. आपल्या मुलांना सरावात विनाकारण लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. पण तो साधा विचार पुढे विज्ञानाने बरोबर ठरवला. २०१० साली डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हेन्स यांनीही सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणं बंद केलं. पुढे तिथल्या अभियांत्रिकी शाखेत एक पळणारा यांत्रिक बाहुलाच तयार झाला. टॅकल करायचं तर माणसाला नको, त्या बाहुल्याला करा! २०१६ मध्ये डार्टमथ ज्या 'आयव्ही लीग' गटात खेळतं, त्यातल्या आठही कोचनी हंगामातल्या सरावात टॅकल बंद करण्याच्या बाजूने मत दिलं.

एका मुलाची गोष्ट

आता एक दुःखद गोष्ट. २०१८ च्या मे महिन्यात मेरिलंड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा एक खेळाडू मैदानावर धावण्याचा सराव करत होता. त्याला उष्माघात झाला. अशा वेळी शरीर ताबडतोब थंड पाण्याने गार करावं लागतं. ते केलं गेलं नाही. पंधरा दिवसांनी, १३ जूनला, तो मुलगा गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी चूक मान्य केली आणि त्याच वर्षी मुख्य कोचना काढून टाकण्यात आलं.

१९४३ साली सोळा वर्षांच्या एका मुलाला जे कळलं होतं, ते पंचाहत्तर वर्षांनंतरही सगळ्यांना कळलेलं नव्हतं.

त्याच वर्षी, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, जॉन गलार्डी यांचं निधन झालं. वय ९१. सहा वर्षं आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ते निवृत्त झाले होते. कॉलेज कोच म्हणून ६४ हंगाम, ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी. शेवटच्या हंगामात त्यांचा संघ दहापैकी पाचच सामने जिंकला होता. हरणं त्यांनाही चुकलं नाही! २००६ सालीच त्यांना कॉलेज फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये मानाचं स्थान मिळालं होतं. छोट्या कॉलेजांच्या गटातल्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून दिली जाणारी ट्रॉफीही त्यांच्याच नावाची आहे.

आता तुमची पाळी

दोस्तांनो, याचा अर्थ उद्या मैदानावर जाऊन "सर, आम्ही फेऱ्या मारणार नाही" असं म्हणायचं नाही हं! धावणं, घाम गाळणं, दमणं हे खेळात असणारच. धावपटूला धावावंच लागतं, पोहणाऱ्याला पोहावंच लागतं. प्रश्न एवढाच विचारायचा : हे जे मी करतोय, त्याने माझा खेळ सुधारतोय, की मला फक्त त्रास होतोय? उत्तर सापडत नसेल तर सरांनाच नम्रपणे विचारा. चांगल्या सरांना असे प्रश्न आवडतात.

आणि जे कप्तान आहेत, मॉनिटर आहेत, त्यांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या सगळे अधिकार माझ्या हातात आले, तर मला जे सोसावं लागलं तेच मी धाकट्यांना सोसायला लावीन, की ते बंद करीन?

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. मुलांच्या सरांची चौकशी करताना "किती पदकं मिळवून दिली?" एवढंच विचारू नका. "सरावात पाणी कधी देता? कुणाला चक्कर आली तर काय करता?" हेही विचारा.

उन्हात खेळताना हे विसरू नका

- खेळायच्या आधी, मधे आणि नंतर पाणी प्या. घसा कोरडा पडायची वाट बघू नका.
- डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायांत गोळे असं काही वाटलं तर लगेच थांबा, सावलीत जा आणि मोठ्यांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.
- खेळता खेळता मित्र असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. ताबडतोब मोठ्यांना बोलवा, त्याला सावलीत न्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
- डोक्याला जोरात मार बसला तर "काही नाही झालं" म्हणून पुन्हा खेळायला उतरू नका. आधी डॉक्टर, मग खेळ!